पाढ्याला मागितलेली मुदत

आज सकाळी बायकोनं तव्यावर निर्गुडीचा पाला शेकायला घेतला आणि त्या उग्र वासासरशी मी चाळीस वर्षं मागे, पोलादपूरच्या शाळेत तरुण मास्तर होऊन उभा राहिलो. कंबर मात्र तेव्हाही म्हाताऱ्याचीच, बारमाही ठणकणारी.

त्या दिवशी वर्गात औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, सांगत होतो. "सात औटे" म्हणालो आणि अशी कळ आली की पुढचा आकडाच पुसला गेला. पोरं तोंडाकडे बघत राहिली. मी रुबाबात म्हणालो, "उद्या सांगतो!" पाढ्याला मुदत मागणारा मास्तर मुलखात मी पहिलाच असेन.

घरी पालथा पडून बायकोला म्हणालो, "नोकरी सोडतो. दुखायला लागलं की डोकं चालत नाही."

तिनं गरम पाल्याची पुरचुंडी कंबरेवर दाबली. "दुखणं काय जायाचं नाय. दुखताना म्हणायला शिका. सात औटे?"

"अगं, भाजतंय!"

"भाजू दे. सात औटे?"

"साडेचोवीस!" मी किंचाळलो. दहा औटे पस्तीस होईपर्यंत तिनं हात उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी कोटाखाली तीच पुरचुंडी बांधून मी वर्गात अख्खी औटकी म्हटली. तेव्हा वाटलं, पाल्याचा गुण. आता कळतं, कंबर त्या दिवशीही तितकीच ठणकत होती. त्या वर्षाचं बाकी सगळं दुखण्यानं पुसून नेलं. तिनं भाजून बसवलेलं तेवढं राहिलं.

पुरचुंडी घेऊन ती आलीच. मी निमूट पालथा झालो.

"हं, सात औटे?"