पंचविसावं अंडं

"बघून घ्या, बाई. मागनं बोलायचं न्हाई."

असं म्हणून ती आमच्या जिन्यातल्या खिडकीपाशी उभी राहायची. अंडं मुठीत धरायची, मूठ उजेडासमोर न्यायची आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने आत बघायची. डझनभर अंडी अशी एकेक करून बघून झाल्याशिवाय ती माझ्या पातेल्यात ठेवत नसे. मी म्हणायची, "मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. द्या तशीच." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "तुमचा हाय वो. अंड्याचा मला न्हाई."

ईरा, निहार, तुम्ही तिला एकाच सुट्टीत पाहिलंत. नाव तुम्हाला माहीत नसेल, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं ती माझ्या दारात येत होती, तरी मीही कधी विचारलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला अंडीवाल्या मावशी म्हणत. पण तिची बादली तुमच्या लक्षात असेल. गव्हाच्या भुशाने भरलेली, आणि त्यात हात घातला की ऊबदार अंडं हाताला लागायचं.

पलूसच्या पुढच्या एका गावातून ती दर गुरुवारी सकाळच्या एसटीने सांगलीत यायची. डोक्यावरचा पदर घट्ट, पायात मुलाने कधीतरी पाठवलेले लष्करी कॅन्टीनचे बूट. दोन जिने चढून आली की आधी एसटीची हकिगत व्हायची. "कंडक्टर म्हनला, बादली मांडीवर घ्या. म्हटलं, तूच घे की मांडीवर. फुटलं तर तुझ्या पँटीवर." मग गुडघ्यांची हकिगत. मग तिच्या परसातल्या मुंगसाची, ज्याने म्हणे तिच्या तीन कोंबड्या नेल्या आणि चौथीला नुसताच दम देऊन गेला. या तीन विषयांबाहेर ती बोलत नसे. मुलगा फौजेत होता, नोकरी संपल्यावर तिकडेच उत्तरेत कुठेतरी स्थायिक झाला, एवढं एकदा कळलं होतं. नातू आहे, हेही. मी पुढे विचारलं तेव्हा ती मुंगसाकडे वळली.

मागच्या एप्रिलमध्ये तुम्ही येणार हे ठरलं, तेव्हा तुमच्या आईने फोनवर सांगितलं होतं की ईरा जरा नाराज आहे. शाळेतली ईस्टरची अंडी शोधायची गंमत बुडणार होती. मी म्हटलं, त्यात काय, आपण इथे करू. तिकडे तुम्ही बागेत शोधता. इथे एप्रिलच्या उन्हात अंगणात पाय ठेवायची सोय नाही, म्हणून घरातच. मी वही काढली. तुमची आजी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होती आणि तिने वहीशिवाय कोणतंच काम केलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंडी चोवीस. प्रत्येकाला बारा, म्हणजे भांडण नको. खोल्या चार. निहारचा हात पोचेल त्याहून उंच जागा नको, गॅसजवळ नको, फ्रिजमागे नको. चोवीस जागांना चोवीस आकडे, आणि प्रत्येकासमोर खूण करायला एक चौकट.

गुरुवारी मी मावशींकडे दोन डझन मागितली. तिने बादलीवरून मान वर केली. "पावनं किती हायत?"

मी सगळं समजावून सांगितलं. अंडी उकडायची, रंगवायची, लपवायची आणि मुलांनी शोधायची. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आवं बाई, आमच्या कोंबड्या रोजच करत्यात की ह्ये! जल्म गेला माझा हुडकन्यात. आन तुमी त्येचा सण करताय?"

मग म्हणाली, "वाचा बघू, कुठं कुठं लपवताय."

मी वाचत गेले आणि ती एकेक जागा रद्द करत गेली. "टीव्हीच्या मागं? कोंबडी टीव्हीच्या मागं बसल व्हय? फुलदाणीत? तितं तर आंधळ्यालाबी गावंल. बाई, ह्या सगळ्या मानसाच्या जागा हायत." माझ्या वहीतल्या आकड्यांवर इतक्या फुल्या कधीच पडल्या नव्हत्या. शेवटी तीच म्हणाली, "आयतवारी येते मी. तुमाला न्हाई जमायचं."

त्या रविवारी ती पहिल्या गाडीने आली. आदल्या दिवशी आपण तिघांनी अंडी रंगवली होती. बीट, पालक, कांद्याची टरफलं. गावरान अंड्यांवर बाकीचे रंग मळकटच बसले, हळदीचा तेवढा उजळ आला. मावशीने पिवळं अंडं हातात घेऊन बघितलं आणि ती म्हणाली, "सांगलीची हळद हाय. चढनारच की."

तुम्हाला गच्चीच्या जिन्यात बसवून आम्ही दोघींनी अंडी लपवली. म्हणजे तिने लपवली, मी वहीत लिहून घेतलं. ती खोलीच्या मध्ये उभी राहून मान तिरकी करून बघायची आणि मग नेमकी जागा काढायची. गव्हाच्या डब्याच्या आडोशाला. आजोबांच्या कानटोपीत. इस्त्रीच्या कपड्यांच्या घडीखाली. "अंधार पायजे, ऊब पायजे आन पाठ कशाला तरी टेकाय पायजे," ती म्हणाली. "एवढंच बघती ती. तुमच्या-आमच्यापेक्षा काय निराळं हाय?"

पुढचं तुम्हाला आठवत असेल. निहारला पहिली वीस मिनिटं एकही सापडलं नाही आणि तो "धिस इज नॉट फेअर, आजी" म्हणून जमिनीवर बसला. मावशी त्याच्याजवळ उकिडवी बसली. "इकडं ये रं. कोंबडी वरडती तितं अंडं नसतंय. ती लांब जाऊन वरडती, आपल्याला चकवाय. जितं गप हाय, तितं हात घालायचा." त्याला तिची भाषा कितपत कळली देव जाणे. पण तो उठला आणि थेट माझ्या शिलाई मशीनच्या पेटीत हात घातला. हळदीचं अंडं निघालं. तुमच्या आजोबांच्या पश्चात या घरात एवढा मोठा आरडाओरडा झाला नव्हता.

शेवटचं, चोविसावं, ईराला सापडलं आणि ती रडायला लागली. "अजून एक असेल ना, आजी?" मी वही दाखवली. चोवीस चौकटी, चोवीस खुणा. "संपली, बाळा." मी शिस्तीची बाई. संपलं ते संपलं असंच सांगणार.

मावशी दारात बादली उचलत होती. ती ईराला म्हणाली, "असतंय गं, पोरी. एक असतंयच."

मला वाटलं, समजूत काढते आहे. नंतर चहा घेताना तिने मला तिच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. कोंबडीची अंडी घालायची जागा सापडली, तरी तिथली सगळी अंडी कधी उचलायची नाहीत. एक मागे ठेवायचं, त्यावर कोळशाची रेघ ओढून, म्हणजे जुनं कुठलं आणि ताजं कुठलं ते कळतं. "समदी उचलली की ती जागा सोडती. मग किती बोलवा, परत येत न्हाई." मी मान हलवली. छान माहिती आहे, असं मनात म्हटलं.

तुम्ही गेलात. घर पुन्हा माझ्या वहीसारखं झालं, सगळं जागच्या जागी. तुमच्या चादरी आणि ईराची ती लहान उशी मी तुम्ही झोपायचात त्या खोलीतल्या दिवाणाच्या पेटीत ठेवली. उशीचा अभ्रा मी धुतला नव्हता. का, ते लिहीत नाही.

त्यानंतर दर गुरुवारी मावशी अंडी देऊन झाली की विचारायची, "बाई, जरा पोरांच्या खोलीत टेकू का? पंखा बरा लागतोय तितला." मी म्हणायची, टेका. गुडघे दुखत असतील. पाच मिनिटांनी ती बाहेर यायची, पाणी प्यायची आणि बादली घेऊन खाली उतरायची. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी, जी परीक्षेच्या वर्गात मागच्या बाकावरची चिठ्ठी बरोबर ओळखायची.

जुलैच्या शेवटी नदीचं पाणी वाढलं. गाड्या बंद झाल्या. तीन गुरुवार मावशी आली नाही. नदीकाठच्या पेठेत राहणारी माझी एक जुनी सहकारी शिक्षिका नवऱ्यासह माझ्याकडे राहायला आली, दोघंही पायापासून कमरेपर्यंत भिजलेली. मी घाईने दिवाण उघडला, चादरी ओढल्या आणि काहीतरी फुटलं.

तो वास मी वर्णन करणार नाही. ईराच्या उशीच्या अभ्र्यातच अंडं ठेवलेलं होतं, अगदी मध्ये, पाठ कशाला तरी टेकेल असं. सडलेल्या कवचाच्या एका तुकड्यावर काळी रेघ होती. पाहुण्यांसमोर मी खिडक्या उघडत धावले. उशी टाकून द्यावी लागली. ती कचऱ्याच्या पिशवीत घालताना माझ्या मनात जो राग आला, तेवढा मला अख्ख्या नोकरीत कुठल्या विद्यार्थ्याचा आला नसेल.

पाणी ओसरलं आणि मावशी आली. बादलीत नेहमीपेक्षा कमी अंडी होती. तिने हकिगत सुरू करायच्या आतच मी बोलले. दारातच, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. माझ्या घरात मला न विचारता वस्तू ठेवायच्या, ही कुठली पद्धत? काही अक्कल?

ती म्हणाली, "मागं ठेवल्यालं हुतं ते, बाई. पोरं परत यावीत म्हनून."

"मुलं म्हणजे कोंबड्या नाहीत, मावशी. त्यांना विमानाची तिकिटं काढावी लागतात."

तिने बादलीतला भुसा हाताने बाजूला सारला. "व्हय," म्हणाली. "चुकलंच माझं." मग खिडकीपाशी जाऊन बाराच्या बारा अंडी उजेडाला धरून बघितली आणि पातेल्यात ठेवली. त्या दिवशी 'बघून घ्या' तेवढं म्हणाली नाही.

पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही. मला वाटलं, रुसली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणायला लागले.

जानेवारीत तुमच्या बाबांनी कळवलं, यंदाही एप्रिलला येतो. त्याच दिवशी मी वही काढली आणि नवं पान आखलं. या वेळी पंचवीस चौकटी आखल्या. मग तिच्या गावी जायला निघाले. घर शोधायला वेळ लागला नाही. स्टँडवर 'कोंबड्यावाल्या म्हातारीचं' एवढं म्हणताच एका बाईने बोट केलं. पण बोट करताना तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

दारात तिची जाऊ बसली होती, शेंगा फोडत. तिने मला बसायला पोतं दिलं आणि सांगितलं की मावशी दिवाळीआधीच गेली. पुराच्या वेळी ताप भरला होता, तो पुन्हा पुन्हा उलटत राहिला. "तुमी सांगलीच्या बाई व्हय?" ती म्हणाली. "तापात म्हनत हुती, गुरवारी सांगलीला जायाचं हाय, बदलायचं हाय. आमाला काय कळंना, काय बदलायचं."

मलाही लगेच कळलं नाही.

ती मला आत घेऊन गेली. चुलीच्या वरच्या भिंतीत एक देवळी होती, रिकामी, आत थोडा भुसा. फौजी मुलाचा पोरगा चार वर्षांचा असताना सुट्टीला आला होता, त्याला आयुष्यातलं पहिलं अंडं या देवळीत सापडलं होतं. तो आता मिशा फुटण्याच्या वयाचा असेल, जाऊ म्हणाली. नंतर कधी आला नाही. "पर ही तितं रेघ मारल्यालं एक ठेवायची. धा-बारा वरीस. दर आठवड्याला जुनं काडायची, ताजं ठेवायची. आमी हसायचो. म्हनायची, जागा मोडायची न्हाई."

तेव्हा मला आमचा पंखा आठवला. मे, जून, जुलै. दर गुरुवारी पाच मिनिटं. एकदाही सडू दिलं नव्हतं तिने, पाणी चढून गाड्या बंद होईपर्यंत. गाडी, गुडघे, मुंगूस यांचा ती एवढा गलका करायची, आणि मी गलका होता तिथेच बघत राहिले.

खुराड्यात एकच कोंबडी उरली होती. बाकीच्या दिवसकार्यानंतर वाटून टाकल्या. मुलगा आला होता का, असं मी विचारलं. जाऊ म्हणाली, "एकटाच आलता. दोन दिस हुता."

मार्चमध्ये तुमच्या बाबांचा फोन आला की यंदा जमत नाही. त्यांची अडचण खरी आहे, मला पटलेली आहे, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. वहीतलं पान मी फाडलेलं नाही. पंचवीस चौकटी आहेत, सगळ्या रिकाम्या.

गुरुवारी सकाळी मी दिवाण उघडते. नवीन उशी आणली आहे, तिच्या अभ्र्यातून मागच्या आठवड्याचं अंडं काढते. दुसरं घेते. इथे चुलीतला कोळसा नाही, म्हणून पेन्सिलने रेघ ओढते. मग जिन्यातल्या खिडकीपाशी जाऊन ते मुठीत धरते आणि एक डोळा मिटते. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आत काय आहे, मला काही दिसत नाही.