पाटीपूजन झालं आणि फळा कुलपात गेला

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. माझं शिक्षण दुसरी, तीही अर्धी. पण गावच्या शाळेवर पहिलं छप्पर चढलं तेव्हा वासे ह्याच खांद्यावरनं गेलेत. त्यामुळं शाळेत जायला मला कुणाचं बोलावणं लागत नाही.

आमचं गाव कऱ्हाड आणि इस्लामपूरच्या मधलं, ऊस आणि पलटण ह्यांच्यावर चालणारं. त्या वर्षी शाळेला बोटानं चालणारा मोठा फळा आला. बाहेरगावी नाव काढलेल्या गावच्याच एका माणसानं दिला. फळा कसला, काचेचा पडदाच तो. बोट लावलं की लिहितो, चित्र ओढलं की सरकतं. धूळ बसू नये म्हणून सुतारानं त्याला दोन दारांचं प्लायवूडचं कपाट केलं. चौथीच्या बाई सांगलीच्या, विश्रामबागेकडच्या. वर्गात रेंज येत नाही म्हणून त्या आपला मोबाईल खिडकीत विटेवर उभा करायच्या आणि त्याच्यावरनं नेट घेऊन पोरांना कायकाय दाखवायच्या. तालुक्यांची नावं बोटानं ओढून जिल्ह्यात टाकायचा एक खेळ होता. मी म्हणालो, आमच्या लहानपणी तुमच्या सांगलीला दक्षिण सातारा म्हणत. बाईंनी ते पोरांना जुना नकाशा काढून दाखवलं. म्हाताऱ्याचं खरं निघालं म्हणून वर्गानं टाळ्या वाजवल्या.

माझी नात त्याच वर्गात. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा, लडाखला पलटणीत. शाळेची वेळ झाली की पोरीचं पोट दुखायचं. एक दिवस घरी आली ती सांगतच आली की आज मी पप्पांकडं जाऊन आले. बाईंनी नकाशा उघडला होता, हिनं आपल्या गावावर बोट ठेवलं आणि ओढत ओढत वर नेलं. वाटेत नद्या लागल्या, रेल्वे लागली, मग बर्फानं सगळं पांढरं झालं. त्या दिवसापासून पोट दुखायचं थांबलं. आईच्या आधी तीच वेणी घालून तयार.

दसऱ्याआधी शाळेत पाटीपूजन असतं. पोरं पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात, तिला हळदकुंकू वाहतात. शाळा समितीचा अध्यक्ष माझ्या भावकीतलाच, नात्यानं पुतण्या. त्यानं टूम काढली, की पाट्या आता कोण वापरतंय, हीच मोठी पाटी, हिचीच पूजा करायची. बाई म्हणाल्या, हार कपाटाला घालू, काचेवर काही नको. ऐकतंय कोण. ह्यानं ओल्या कुंकवानं काचेवर भलंथोरलं स्वस्तिक काढलं, मूठभर अक्षता मारल्या, वरनं नारळाचं पाणी शिंपडलं. दगडी पाटीला हे सगळं चालतं. ओलं फडकं फिरवलं की झालं.

दसरा होऊन शाळा भरली आणि फळा येड्यागत करायला लागला. कुणी हात न लावता रेघा उमटायच्या. नकाशा उघडला की आपोआप पळत सुटायचा.

लगेच बैठक बसली. मी समितीत नाही, तरी जाऊन पुढच्याच बाकावर बसलो. अध्यक्षानं सुरुवातच अशी केली, की पोरींनी चिकट हात लावून वाटोळं केलं, बाईंचं लक्ष नाही, परगावच्या माणसाला आपल्या वस्तूची कळकळ कुठली. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, काचेच्या चौकटीत बारीक डोळे असतात, बोट कुठं टेकलं ते त्यांना दिसतं. त्यांच्यापुढं कुंकू आणि तांदूळ अडकलेत. मऊ ब्रशनं काढू द्या, बहुतेक चालू होईल.

"म्हंजी देवाचं कुंकू वाईट, असं म्हणायचंय का बाई तुमाला?" अध्यक्ष म्हणाला.

झालं. सगळी खाली बघायला लागली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हा आमच्याकडचा जुना डाव. आपलं चुकलं की देवाला पुढं ढकलायचं, मग समोरचा बोलला की तोच पापी. माझं डोकं सणकलं.

"देव गप हाय रं, तूच बोलतूयास," मी म्हणालो. "कुंकू तू फासलंस. पुसू द्यायला लाज वाटती व्हय?"

"आबा, ह्यातलं तुमाला काय कळतंय? दुसरी तरी पास झालाय का?"

"न्हाई. पण चूल पेटंना झाली तर मी आदी राख बघतो. सुनंच्या नावानं बोंबलत सुटत न्हाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ते त्याला लय लागलं. त्यानं तिथल्या तिथं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येतील तेव्हाच उघडायचं म्हणे. बाईंना ब्रशसुद्धा लावू दिला नाही, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. खंडेनवमीला आम्ही नांगराला कुंकू लावतो. म्हणून काय तो पुढं जन्मभर देव्हाऱ्यात ठेवतो?

घरी आलो तर नातीला सगळं आधीच कळलेलं. ती भाकरी कुस्करत बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजोबा, उद्या माझं पोट दुखणार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाताला धरलं, खिशात पेचकस टाकला आणि प्रार्थनेच्या आधी शाळा गाठली. कुलपाला बोट लावलं नाही. ते अध्यक्षाचं. बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला होत्या, त्यांचे स्क्रू काढले. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं एका अंगानं धरलं, आणि दोन्ही दारं कुलपासकट उतरवून व्हरांड्यात भिंतीला टेकवली. चौथीच्या बाईंना म्हणालो, काढा तुमचा ब्रश. मग वर्गाच्या दारात खुर्ची टाकली आणि रस्त्याकडं तोंड करून बसलो.