विचारणाऱ्याचं नाव

अख्ख्या परभणी जिल्ह्यात 'मला ठाऊक नाही' हे वाक्य मोकळ्या मनानं म्हणणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या मेडिकल कॉलेजचा ग्रंथपाल होता. बाकी आम्ही सगळे डॉक्टर. आम्हाला सगळंच ठाऊक असायचं, किंवा तसं दाखवण्यात आमचा बराच दिवस जायचा. ग्रंथपालांना मात्र कुणी काहीही विचारलं, की ते आधी "मला ठाऊक न्हाई" म्हणायचे आणि जेवायचं आवतण आल्यासारखे खुशीत उठून कपाटांकडे निघायचे. एका पुस्तकात उत्तर सापडलं तरी ते द्यायचे नाहीत. तेच दुसऱ्या पुस्तकात सापडेपर्यंत विचारणाऱ्यानं बाकावर बसून राहायचं, मग तो प्राध्यापक का असेना. एकाच साक्षीदारावर निकाल देत नसतात, असं त्यांचं म्हणणं. बोट जिभेला लावून पान उलटणाऱ्याला ते रागवत नसत. पोस्टात असते तशी ओल्या स्पंजची डबी गुपचूप त्याच्यापुढे सरकवत. मी त्यांच्याबरोबर चौदा वर्षं काढली. अजून घरी वर्तमानपत्र चाळताना माझं बोट जिभेपर्यंत जातं आणि शरमून परत येतं.

तालुक्याच्या गावांतल्या डॉक्टरांना पुस्तकं कुठली मिळायला? त्यांच्यासाठी ग्रंथपालांनी आपली एक टपालव्यवस्था चालवली होती. मानवतच्या एसटीचा कंडक्टर तिकिटांच्या पेटीत चिठ्ठी घालून आणायचा, चुडाव्याहून पॅसेंजरनं येणारा एक शिक्षक खिशातून आणायचा. ग्रंथपाल पुस्तकातला मजकूर स्वतःच्या हातानं उतरवून परतीच्या गाडीला द्यायचे. एकदा उत्तर घेऊन ते स्टँडवर पोचले तर गाडी सुटलेली. तर हे गृहस्थ सायकल मारत पेडगावपर्यंत गेले. तिथं गाडी टायर बदलायला थांबली होती म्हणून बरं, नाहीतर ते मानवतलाच पोचले असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

अशा माणसाच्या डोक्यात टेलिफोन शिरला तर तो निघणार कसा? कॉलेजला बऱ्याच वर्षांच्या अर्जांनंतर दुसरा फोन मंजूर झाला, आणि तो प्राचार्यांच्या बंगल्यावर जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ग्रंथपालांना कळलं नाही. फोन ग्रंथालयात हवा, म्हणजे जिल्ह्यातला कुठलाही डॉक्टर पेशंटला खाटेवर ठेवून विचारू शकेल, असा अर्ज त्यांनी दिला. नाकारला की नवा दिला. सातव्या अर्जाला प्राचार्य कंटाळले. म्हणाले, सहा महिने ठेवा फोन. किती जण विचारतात ते वहीत लिहा. गरज दिसली तर राहील, नाहीतर बंगल्यावर येईल.

ग्रंथपालांनी वही आखली. तारीख, प्रश्न, पुस्तक, पान, विचारणाऱ्याचं नाव. फोन उचलताना ते चपला घालून उभे राहायचे, कारण समोर माणूस आलेला असतो, दिसत नाही इतकंच. पहिला महिना वही कोरी राहिली. फोन वाजायचा, पण "आपलं शुभ नाव?" म्हटलं की पलीकडून तो ठेवलाच जायचा. डॉक्टरनं आपल्याला अमुक येत नाही हे नावानिशी लिहून द्यायचं, ही गोष्ट आमच्याकडे कुणाच्या बापजन्मात झाली नव्हती. महिनाभरात नाव सांगणारा एकच निघाला. तो जिनिंगवाला होता आणि त्याला रुईचा भाव हवा होता. ग्रंथपालांनी तो चौकशी करून कळवला, मात्र वहीत धरला नाही. प्रश्न वैद्यकीय नव्हता.

दुसऱ्या महिन्यापासून त्यांनी नावाचा रकाना सोडून दिला. 'मानवतचे एक डॉक्टर', 'जिंतूरकडच्या एक बाई' असं लिहू लागले, आणि फोन असा काही वाजायला लागला की शिपाई वैतागला. सगळे प्रश्न म्हणे कुठल्यातरी मित्राचे असायचे. एकदा मानवतहून एकानं फवारणीचं औषध पोटात गेलेल्या माणसासाठी फोन केला. ग्रंथपाल पुस्तकातलं वाचून दाखवू लागले, तेही स्वल्पविराम, पूर्णविराम उच्चारून, चूक नको म्हणून. पलीकडचा ओरडला, "अहो, माणूस जायलाय इथं!" पुढचं सगळं त्यांनी एका दमात वाचलं. माणूस वाचला. वहीत त्यांनी इमानदारीनं नोंद केली: 'उत्तर विरामचिन्हांविना दिले.'

आता माझं सांगतो. वर्गात एका मुलीनं मूत्रपिंडाबद्दल असं काही विचारलं, की मी उद्या सविस्तर सांगतो म्हणून निसटलो. विषय माझाच, मी तो सहा वर्षं शिकवत होतो. ग्रंथालय माझ्या खोलीपासून वीस पावलांवर. मी रिक्षा करून स्टँडसमोरच्या दुकानात गेलो आणि आवाज जाड करून, सेलूचा डॉक्टर म्हणून फोन केला. ग्रंथपालांनी दोन पुस्तकांतलं उत्तर दिलं, पानांसकट. शेवटी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घसा लय बसलाय तुमचा. हळदीचं दूध घ्या." दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. असे मी एकूण सात फोन केले.

सहा महिने संपले, बैठक बसली. टेबलाभोवती आम्ही पाच डॉक्टर होतो. पाऊण वही भरलेली पाहून प्राचार्य जरा चमकले, मग पानं उलटत म्हणाले, "नावं कुठायत? हे तुम्ही घरी बसून लिहिलं नसेल कशावरून?"

"नावं मला आवाजावरनं ठाऊक हायती," ग्रंथपाल म्हणाले. "सांगणार न्हाई."

"मग फोन राहणार नाही."

ग्रंथपाल उभेच होते. एरवी ते आपल्या गावाबद्दल अवाक्षर काढत नसत. तेवढं एकदाच बोलले. "साहेब, नामांतराच्या दंगलीत आमच्या गावात कुणीतरी घरांची यादी केली होती. कोण बौद्ध, कुठं राहतो. यादीत आमचं घर दुसरं होतं. विश्वासानं विचारणाऱ्याचं नाव मी कागदावर घालणार न्हाई. फोन न्या."

वहीतले सात प्रश्न माझे होते, आणि समोरच्या सर्जनसाहेबांचे कान लाल झाले होते त्या अर्थी काही त्यांचेही असावेत. एकानं जरी 'हा माझा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिलो. दोन दिवसांनी फोन बंगल्यावर गेला.

त्यानंतर ते खचले वगैरे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं त्यांना पाहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मानवतच्या गाडीला स्टँडवर हजर होते. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा हातानं उतरवलेली पानं. आणि दर जूनमध्ये फोनसाठी नवा अर्ज, न चुकता. फोन काही आला नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा चहा झाल्यावर मी ग्रंथालयात गेलो. ते कपाटांना कुलपं लावत होते. एवढी वर्षं जिभेवर असलेलं मी एकदाचं बोललो. म्हणालो, त्या बैठकीत मी बोलायला हवं होतं, माझी चूक झाली.

त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "बरं झालं बोलला न्हाईत," ते म्हणाले. "मी सहा महिने सांभाळलेलं नाव तुमी एका मिनिटात सांडलं असतं."

मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले. त्यांना तो फोन किती हवा होता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी ऑफिसात जमा करायला चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि मला काही विचारायचं राहिलंय का, म्हणून विचारलं.