‘उद्याच्या फेऱ्या’ या फोल्डरला लागलेली मनाई

होळीच्या आधीचा शुक्रवार : फोल्डरच्या परवानग्या बदलण्याची तोंडी मागणी. मी नकार दिला. जबाबदार : मॅनेजर.

शनिवार, दुपार : सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड मला न विचारता मॅनेजरच्या हाती दिला. जबाबदार : संचालक.

शनिवार, संध्याकाळ : परवानग्या बदलल्या, बदल तपासून पाहिला नाही. जबाबदार : मॅनेजर.

रविवार : बिडकीन रस्त्यावरच्या वसाहतींना पाणी गेले नाही. जबाबदार : वरील दोघे.

सोमवार, सकाळ : ऑपरेटर वंदना हिला कामावरून काढले. जबाबदार : संचालक, एकटे.

जबाबदारांत वंदनाचे नाव कोठेही नाही. शिक्षा मात्र तिला एकटीलाच झाली. म्हणून हे लिहीत आहे.

हकिकत दुष्काळाच्या वर्षांतली, शहराला औरंगाबाद म्हणत असत तेव्हाची. गावाबाहेर घरे आधी उभी राहत होती आणि पाण्याची पाइपलाइन मागाहून येणार होती. कधी, ते कोणी सांगत नव्हते. तोवर टँकर. अशा वसाहतींना टँकर पाठवण्याचा ठेका एका खासगी ऑफिसकडे होता. तिथल्या संगणकांच्या देखभालीचा वार्षिक करार माझ्याकडे होता. कायद्याची पदवी घेऊन मी वकिली केली नाही, पण पत्रे लिहिण्याची सवय लागली ती कायमची. त्यामुळे त्या ऑफिसात मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. मानाने नव्हे.

काम साधे होते. सर्व्हरवर ‘उद्याच्या फेऱ्या’ नावाचा शेअर्ड फोल्डर, म्हणजे सगळ्यांच्या संगणकावरून उघडता येणारे एकच कपाट. रोज संध्याकाळी वंदना त्यातल्या तक्त्यात कोणता टँकर कोठे जाणार ते लिहून सेव्ह करी. पहाटे टँकर भरण्याच्या ठिकाणी मुकादम तोच तक्ता उघडून प्रिंट काढी आणि ड्रायव्हरांच्या हाती देई. एक दिवस वाळूजकडच्या वसाहती, दुसऱ्या दिवशी बिडकीन रस्त्याच्या.

परवानग्या मी कामाप्रमाणे दिल्या होत्या. वंदना लिहिणार, म्हणून तिला ‘मॉडिफाय’. मॅनेजर आणि मुकादम पाहणार, म्हणून त्यांना ‘रीड’. पण त्या ऑफिसात खुर्ची, पंखा आणि चहाचा कपसुद्धा हुद्द्याप्रमाणे मिळे. मॅनेजरांना हे कळले, तेव्हा त्यांचा चेहराच बदलला.

“मी मॅनेजर. मला निस्तं वाचायला, अन् गंगापूरहून येणाऱ्या त्या पोरीला लिहायला? हा कुठला हिसाब?”

मी म्हणालो, “हा मान नाही, साहेब. ती लिहिते, तुम्ही तपासता. न्यायाधीश निकाल देतो, पण टंकलेखन करायला बसत नाही.”

“वकीलसाहेब, तुमचं कलम तुमच्यापाशी ठेवा.”

माझा नकार ऐकून ते संचालकांकडे गेले. संचालक त्यांचे मेहुणे. पासवर्ड मिळाला.

सोमवारी मला बोलावणे आले, ते ‘वंदनाने सर्व्हर बिघडवला’ या वाक्यानेच. मी पोहोचलो तेव्हा फाटकापाशी बिडकीन रस्त्याच्या वसाहतींतली माणसे रिकामे ड्रम आणि हंडे घेऊन परतत होती. वंदना जिन्याखाली पिशवी कवटाळून उभी होती. तिने मला पाहिले आणि मान वळवली.

मी आधी मशीनकडे गेलो. सर्व्हर चालू, नेटवर्क चालू, फोल्डर उघडत होता. आतला तक्ता मात्र शनिवारचाच होता; सोमवारी टँकर बंद असत, म्हणून रविवारी नवा भरायचा नव्हता. म्हणजे रविवारी मुकादमाने जुनाच तक्ता छापला, टँकर पुन्हा वाळूजकडे गेले आणि एका बाजूला दोनदा पाणी मिळाले. मी वंदनाच्या संगणकावरून तक्त्यात एक अक्षर बदलून सेव्ह करायला गेलो. सेव्ह होईना.

शेअर्ड फोल्डरला दोन दारे असतात. एक नेटवर्कवरून आत येण्याचे, दुसरे खुद्द फोल्डरचे. दोन्ही उघडी असतील तरच काम होते. पहिले उघडे होते. दुसऱ्या दारावरची परवानग्यांची यादी पाहिली. मॅनेजरांच्या नावापुढे ‘फुल कंट्रोल’, म्हणजे सर्वाधिकार. त्याखाली ‘स्टाफ’ या गटापुढे, लिहिण्याच्या रकान्यात, ‘डिनाय’ची खूण.

डिनाय म्हणजे मनाई हुकूम. एकीकडे अधिकार आणि दुसरीकडे मनाई असेल, तर मनाईच चालते. मग माणूस कोणीही असो. मॅनेजरांना वाटले, स्टाफ म्हणजे हाताखालचे. पण त्या गटात ऑफिसातले प्रत्येक नाव होते. त्यांचे स्वतःचे होते. संचालकांचेही होते.

मी मॅनेजरांना विचारले, शनिवारी संध्याकाळी रविवारचा तक्ता कोणी भरला. ते म्हणाले, आपणच. वंदनाने सेव्ह होत नसल्याचे लगेच सांगितले होते, तेव्हा त्यांनी तिला उठवले होते : “तू जा, तुझी एस.टी. चुकंल. आता हे माझं काम हाय.” मग संगणकाने त्यांनाही अडवले आणि दुसरीकडे प्रत ठेवण्याचे सुचवले. त्यांनी ‘ओके’ दाबले. रविवारचा अचूक तक्ता त्यांच्या स्वतःच्या संगणकात, त्यांच्या खासगी डॉक्युमेंट्समध्ये पडून होता. मुकादमाला तो कसा दिसणार?

मनाईची खूण काढली. तक्ता सेव्ह झाला. संचालकांना बोलावून हे सारे पडद्यावर दाखवले. ते समजूतदार गृहस्थ आहेत, त्यांना समजले. मेहुण्याकडे त्यांनी एकदा पाहिले, एवढेच.

मी म्हणालो, “तिला वर बोलवा.”

“आता कसं बोलवणार? सकाळी पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलंय, ऑपरेटरनं घोळ केला, तिला काढलं. तवा कुठं माणसं शांत झाली.”

“नाव घेतलंत?”

“घ्यावं लागलं.”

“मग खरं नावही घ्या.”

“वकीलसाहेब, घरातला माणूस हाय. थोडं थंड होऊ द्या, मग बघू तिचं.”

वंदनाला पाडव्यानंतर कायम करण्याचे ठरले होते. त्या पगारावर तिने शहरात खोली पाहून ठेवली होती, रोजची एस.टी. सुटावी म्हणून. मी खाली गेलो आणि तिला सांगितले की दोष तुझा नाही, मी लेखी देतो. तिने शांतपणे विचारले, “काका, तुम्ही द्याल व्हय. पण त्या मान्सांना कोण सांगंल?”

मी लेखी दिले. अहवाल दिला, मग पत्र, मग रजिस्टर पोस्टाने दुसरे पत्र. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. करार मी सोडला. त्याने कोणाचे काही बिघडले नाही. दुसऱ्या एका ऑफिसात वंदनासाठी शब्द टाकला. तिथले गृहस्थ म्हणाले, “पाण्याचा घोळ केला ती का?” पुढे ती वाळूजला एका कंपनीत पॅकिंगला लागली. बसस्टॉपवर भेटली तेव्हा मी पुन्हा संगणकाच्या कामाचे काढले. ती म्हणाली, “नाय काका. की-बोर्डला हात लावला की लई भ्या वाटतं.” इतके स्वच्छ टंकलेखन करणाऱ्या मुली मी फार थोड्या पाहिल्या आहेत. तिचे ते वाक्य आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

व्यवसायातला धडा कोरडा आहे : परवानगी कामाप्रमाणे द्यावी, मनाईची खूण करण्याआधी त्या गटात आपण स्वतः आहोत का ते पाहावे, आणि बदल केल्यावर दुसऱ्याच्या खुर्चीत बसून तपासावा. हे कोणीही शिकू शकतो.

संचालकांना मात्र माझा जाहीर प्रश्न आहे. आरोप आपण चारचौघांत केला. तो खोटा असल्याचे त्याच दिवशी दुपारपूर्वी आपल्याला ठाऊक झाले होते. मग बिडकीन रस्त्याच्या रहिवाशांना, वंदनाचे नाव घेऊन, हे आजवर का सांगितले नाही? उत्तर मला पत्राने पाठवू नये. त्या रहिवाशांसमोर द्यावे, आणि वंदना तेथे हजर असताना द्यावे.