पोशीरच्या विहिरीची बाटली

"वरून घे गं. हंडा कठड्याला लावू नको."

मोठ्या घरच्या काकी माझ्या आईला हे रोज सांगायच्या. रोज! जसं काय आई काल विसरली होती. पोशीरला आमच्या बौद्धवाड्यातला झरा उन्हाळ्यात आटायचा, मग त्यांच्या विहिरीवर जायचं. दोराला आम्ही हात लावायचा नाही. त्या पोहरा काढायच्या नि हातभर वरून ओतायच्या. निम्मं पाणी आईच्या अंगावर.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. एकदा काकी आत गेल्या नि मी दोर ओढला. त्यांच्या मुलानं बघितलं. बोंब मारली, "आई, हिनं विहीर बाटवली!" काकींनी आमचा भरलेला हंडा लाथेनं लवंडवला. आईला सगळ्या बायांसमोर नाक घासायला लावलं. चिखलात. आईनं घासलं, कारण उद्याही पाणी लागणार होतं. तिच्या नाकाला लागलेला चिखल मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

मी शिकले. आता खोपोलीजवळ पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या उन्हाळ्यात तोच मुलगा तिथं आला. पोट सुटलेलं, गॉगल डोक्यावर. समुद्राकाठी त्याची वाडी आहे. पाहुण्यांना भाड्याच्या खोल्या, पोहायचा हौद, दोन बोअर, दिवसभर मोटर चालू. शेजारच्या वस्तीच्या विहिरी खाऱ्या झाल्या. वस्तीनं तक्रार केली. अधिकाऱ्यानं आमच्याकडून अहवाल मागवला. पाणी खारं निघालं तर मोटर बंद.

त्यानं टेबलावर भरलेली बाटली ठेवली.

"कुठलं पाणी?" मी विचारलं.

हसला. "आपल्या पोशीरच्या विहिरीचं हाय. तिकडल्या बोअरला मीठ उतरलंय गं. तू आपल्याच गावची. लिव की वाडीचं म्हणून."

आपल्याच गावची! तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या दोराला हात लावला म्हणून आईनं नाक घासलं, त्या विहिरीचं पाणी हा माझ्या हातात देत होता. आता नाही बाटलं?

मी बाटली उचलली. त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत रिकामी केली.

"नमुना मी काढणार," म्हटलं. "आमच्यात तसाच नियम हाय. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची. माझ्या हातानं."

दुसऱ्या दिवशी गेले. त्याच्या दोन्ही बोअरचं पाणी घेतलं, वस्तीच्या विहिरीचंही घेतलं. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, "बाय, भात शिजवला तरी खारट लागतो. नातवंडं ताटावरनं उठतात." पाऊस आता चार दिवसांत धो धो पडतो नि वाहून जातो, मुरत नाही. भरती आणखी आत येते. त्यात हा जमिनीतलं गोड पाणी उपसतो, नि उपसलं की त्या जागी समुद्र सरकतो. खारट लागलं की हा बोअर आणखी खोल मारतो. खोल गेलं की आणखी खारं. इतकी साधी गोष्ट, पण याला कोण सांगणार? हा नाकानं कांदे सोलणारा.

तपासणीत पाण्यात पिवळा रंग घालायचा नि औषधाचे थेंब टाकत ते विटकरी व्हायची वाट बघायची असते. जितकं मीठ तितके थेंब. गोड्या पाण्याला थोडे थेंब पुरतात. त्याच्या पाण्याला थेंबावर थेंब टाकत राहिले. खरं सांगते, मजा येत होती.

त्याचा फोन आला. "तुझी नोकरी घालवीन. तुमाला जरा वर घेतलं की डोक्यावर बसता."

"तुमी नाय घेतलं वर," मी म्हटलं. "अहवाल गेला. खारं."

मोटरी बंद झाल्या. लोक विचारतात, सूड घेतलास काय गं? घेतला. खरं लिहून घेतला, म्हणून मला लाज वाटत नाही. नि तो अजून पुरा झालेला नाही. त्या काठाला त्याच्या आणखी दोन वाड्या आहेत. तिथल्या वस्त्यांना अर्ज कसा लिहायचा ते मी शिकवलंय. पहिला अर्ज परवाच आला. सोमवारी मी जाते आहे.