कुंडीतली माती

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होते.

मी तेव्हा पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत एक बंद पडलेला खासगी डिझेल डेपो होता. जमिनीखालची टाकी वर्षानुवर्षे गळून तिथली माती डिझेलने भिजली होती. ती उकरायची, पसरायची, शेणखत मिसळून वरचेवर खालीवर करायची आणि डिझेलचा अंश जाईपर्यंत तपासत राहायचे, असे काम एका ठेकेदाराकडे होते. लवकरच प्रयोगशाळेचा अहवाल आला. माती स्वच्छ!

त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या. टेबलावर बाटली ठेवून म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं पाणी आहे. अहवाल नंतर वाचा, आधी वास घ्या."

झाकण उघडताच डिझेलचा भपकारा आला.

प्रयोगशाळेत उरलेले नमुने मी जप्त केले आणि पंचांसमक्ष जागेवरची माती काढली. दोन्ही नमुन्यांच्या बरण्या शेजारी ठेवताच आमचा शेतकरी घरातला हवालदार म्हणाला, "सायेब, जागंवरची काळी हाय. ही तांबडी तर नर्सरीतली हाय."

नमुने घेणारा ठेकेदाराकडचा तंत्रज्ञ तिशीचा होता. दोन तास त्याचे एकच पालुपद चालले होते, "नियमाप्रमाणेच घेतले, सर." मी आवाज चढवला नाही. खोटे बोलणारा आरडाओरड्याची तयारी करून आलेला असतो, शांतपणाची नाही. बरण्या पुढे ठेवून मी विचारले, "यातली कुठली तुम्ही खणलीत?"

त्याला रडू फुटले. "माती शुद्ध व्हायला अजून वर्ष लागणार होतं. मालक थांबायला तयार नव्हते. कुंड्यांतली भर म्हणाले."

"खरं बोललात. आता तुम्हाला काही होऊ देणार नाही," मी म्हणालो.

पण मालकाचा, म्हणजे ठेकेदाराचा, हुकूम तोंडी होता आणि कागदांवर सही एकट्या तंत्रज्ञाची. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. वरिष्ठांनी "सिद्ध होईल तेवढंच लिहा" म्हणून सांगितले. दोषारोपपत्रातून मालक सुटला, तंत्रज्ञ येरवड्याला गेला.

शिक्षिकाबाईंनी विचारले, "विहीर कधी साफ होणार?"

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही."

"मग कुणाच्या येतं, तेवढा तरी तपास करा."

सेवेत मी अनेकांना बोलते केले आणि त्याचा अभिमान बाळगला. या प्रकरणाने तो उतरवला. त्या माणसाने माझ्या शब्दावर खरे सांगितले होते, आणि माझ्या शब्दाला ठाण्याबाहेर काडीची किंमत नव्हती. ते मला तेव्हाही ठाऊक होते.