चिवड्याच्या डब्यातले पासपोर्ट

काल ग्लासगोच्या घरी कपाट आवरताना माझा जुना, रद्द झालेला पासपोर्ट सापडला. नाकाशी धरला, तर इतक्या वर्षांनीही त्याला हिंगाचा वास! मी मनाने थेट इटलीतल्या बोलोन्याला पोचलो.

तिथे खोली घेऊन बायको, सासूबाई आणि मी रोज ट्रेनने एक नवं शहर बघायचो आणि संध्याकाळी परतायचो. शेवटच्या दिवशी फेराराच्या किल्ल्यासमोर मी बायकोला विचारलं, "उद्या विमान आहे. पासपोर्ट कुठे ठेवलेस?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "चिवड्याच्या डब्यात, तळाशी. चोर काय चिवड्यात हात घालतोय?"

"आणि डबा?"

"सकाळीच घरमालकिणीला दिला. रिकाम्या हाताने निरोप घ्यायचा का, जावईबापू?" बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

परतीच्या ट्रेनमध्ये सासूबाईंचा जप चालू होता आणि मी मनातल्या मनात तिघांनाही इटलीतच म्हातारं करून टाकलं.

घरमालकिणीने हसत दार उघडलं. चिवडा तळापर्यंत फस्त! डब्यात तिने स्वतः केलेला, सारण भरलेला ताजा पास्ता होता आणि झाकणावर रुमालात बांधलेले तिन्ही पासपोर्ट. मी ते छातीशी धरून पायरीवर बसलो.

"बघा!" सासूबाईंना लगेच कंठ फुटला. "डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिलाही कळतं."

जावयाचा मान राखायला मी रुसलो आणि त्या पास्त्याला हातही लावला नाही. आता त्या सगळ्या प्रकरणात मला तेवढ्याचंच वाईट वाटतं.